हजेरीबुकात नसलेली गोळी

शिरोली एमआयडीसीत फेटलिंग खात्यात आयुष्य काढलेला एक मुकादम आणि कोल्हापुरात डायलिसिसचं मशीन चालवणारी त्याची भाची, यांचा हा संवाद. दोघंही मी रचलेली माणसं आहेत. त्यांच्या बोलण्यात येणारी औषधं, सालं, आकडे आणि परदेशातले कारखाने मात्र खरे आहेत. रचावं लागलं, कारण हा विषय शिरोलीत व्यासपीठावर बोलला जात नाही. तो सुट्टीच्या दिवशी, तांबड्या रश्शावर हात मारून झाला की निघतो, आणि बघता बघता वादावर जातो.

ज्यांनी फाउंड्री फक्त महामार्गावरून पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुणे-बंगळूर रस्त्यावर पंचगंगेच्या पुलाजवळचा हा भाग. इथं ओतलेलं बीड ट्रॅक्टरमध्ये जातं, ट्रकमध्ये जातं, पंपात आणि इंजिनात जातं. भट्टीत ते चौदाशे अंशांच्या पुढं तापवतात. लॅडलमधून साच्यात ओततात, थंड झालं की वाळू झटकून कास्टिंग बाहेर काढतात आणि मग ते फेटलिंगला येतं. रनर-रायझर तोडायचे, शिवणीवरचं फाजील बीड ग्राइंडरनं घासून काढायचं, जड नग उलटापालटा करायचे. ओतकाम बघायला लोक येतात, फोटो काढतात. फेटलिंगकडं कुणी फिरकत नाही. गोळ्यांची पाकिटं सर्वांत जास्त रिकामी होतात ती इथं.

मामा: एवढं सरळ सांग पोरी. अंगदुखीची गोळी खाल्ली की किडनी जाती का न्हाई?

भाची: सरसकट जाते असं नाही म्हणत मी.

मामा: झालं तर! मग गेल्या रविवारी माझ्या खिशातलं पाकीट काढून कचऱ्यात कशाला टाकलंस?

भाची: तुमच्या खात्यात किती जण घेतात?

मामा: कोण घेत न्हाई ते इचार. कोण रोज घेतोय, कोण आठवड्यातनं दोन-तीनदा. पाळी सुटायच्या आधी दोन तास हात भरून येत्यात. ग्राइंडर दिवसभर थरथरतोय, रात्री घास धरला तरी बोटं कापत्यात. पैसे नगावर. खाडा केला तर त्या दिवसाचं गेलंच, वर हजेरीचा बोनस गेला. गोळी दोन-चार रुपयाची. आता हिशेब तूच कर.

भाची: हिशेब चुकीचा नाही. एक खर्च धरायचा राहिलाय त्यात.

मामा: तू डायलिसिसच्या खोलीत बसून जग बघतीस. तुझ्यापुढं येतो तो किडनी गेलेलाच. त्यानं गोळी खाल्लेली असती, चहाबी प्यालेला असतो आणि पंचगंगेचं पाणीबी. मग गोळीच का? तुझ्या मशीनवर शुगरवाले आणि बीपीवाले किती, ते आधी सांग.

भाची: तेच जास्त. मधुमेह आणि रक्तदाब हीच मोठी कारणं, ते मी कधीच नाकारलं नाही. पण मामा, तुम्ही तरी कुठं बसून बघताय? हजेरीबुकासमोर. त्यात जो कामावर येतो तोच दिसतो. ज्याचे पाय सुजले, ज्याला दम लागायला लागला, तो आधी हलकं काम मागतो, मग गावाकडं जातो. तुमच्याकडं बिहार, ओडिशाची किती पोरं आली आणि गेली? गेलेल्यांपैकी एकाच्या तरी तब्येतीचं तुम्हाला पुढं कळलं?

मामा: ठेकेदाराची पोरं ती. गेली की नवी येत्यात.

भाची: मग 'आमच्यात कुणाला काय झालं न्हाई' हे कशावरनं म्हणता?

दोघांच्याही म्हणण्यात दम आहे, म्हणून इथं जरा थांबलो. रुग्णालयातून बघणाऱ्याला प्रत्येक गोष्ट आजाराचं कारण वाटू शकते. कारखान्यातून बघणाऱ्याला सगळे धडधाकटच दिसतात, कारण धडधाकट नसलेले तिथं उरलेले नसतात. साथरोगशास्त्राला हे दोन्ही सापळे माहीत आहेत आणि त्यातून सुटण्याची वाट एकच असते. कुणी काय घेतलं, किती घेतलं, पुढं त्याचं काय झालं, हे वर्षानुवर्षं लिहून ठेवायचं. एका कारखान्याच्या गावात ते घडलं, म्हणून तो किस्सा इथं आणतो.

स्वीडनच्या दक्षिणेत हुस्कवार्ना नावाचं गाव आहे. तिथला कारखाना १६८९ पासूनचा. आधी बंदुका, मग शिवणयंत्रं, सायकली, मोटारसायकली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गावातल्या डॉ. योर्टन यांनी तापावर एक पूड दिली. त्यात फेनॅसिटिन, फेनाझोन आणि कॅफिन. साथ ओसरली, पूड राहिली. ती घेतली की दुखणं पळतं आणि हातही झपझप चालतात, असा कामगारांचा अनुभव. कॅफिन असल्यामुळं तो खोटाही नव्हता. दिवसभर पुड्या घेण्याची रीतच पडली. वाढदिवसाला एकमेकांना भेट म्हणूनही पुड्या दिल्या जात. पुढं त्या गावात मूत्रपिंड निकामी होऊन मरणारे प्रमाणाबाहेर दिसू लागले, तेव्हा कारखान्याचे डॉक्टर कुर्ट ग्रिमलुंड यांनी कामगारांच्या पुड्यांचा आणि त्यांच्या मूत्रपिंडांचा मेळ घातला. १९६३ मध्ये त्यांचं काम प्रसिद्ध झालं. तोवर साथ जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली होती.

त्याआधी, १९५३ मध्ये, स्वित्झर्लंडच्या स्प्यूलर आणि झोलिंगर या दोघांनी अशाच रुग्णांचं वर्णन केलेलं होतं. तिथं घड्याळांच्या कारखान्यांतले कामगार बारीक कामानं डोकं दुखतं म्हणून गोळ्या घेत. बाझलच्या रोश कंपनीनं १९३३ मध्ये बाजारात आणलेली सॅरिडॉन ही त्या काळातली फेनॅसिटिनवाली गोळी. आपल्याकडं घराघरात पोचलेलं तेच नाव, फक्त आजच्या गोळीत फेनॅसिटिन नाही, त्याच्या जागी पॅरासिटामॉल आहे. भारतात फेनॅसिटिनवर १९८३ मध्ये बंदी आली. सॅरिडॉनचं सध्याचं मिश्रणही २०१८ मध्ये सरकारनं बंदी घातलेल्या ३२८ मिश्रणांच्या यादीत होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते यादीतून सोडवलं. फेनॅसिटिनचा गुन्हा मूत्रपिंडापुरताही नव्हता. मूत्रपिंडातून लघवी जिथं गोळा होते ती पोकळी आणि तिथून खाली उतरणारी नळी, यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध पक्का ठरला आहे.

मामा: म्हंजे ज्या गोळीनं माणसं मेली ती बंद झाली. मग आता कशाची भीती? आमची पोरं कॉम्बिफ्लॅम खात्यात, डायक्लो खात्यात. ती वेगळी.

भाची: वेगळी आहेत. फेनॅसिटिन गेलं तसा तो जुना आजार जवळजवळ दिसेनासा झाला, हेही खरं. आणखी तुमच्या बाजूचा पुरावा मीच देते. आमच्या सरांनी सांगितलेला. अमेरिकेत ११,०३२ निरोगी पुरुष डॉक्टरांनी वर्षानुवर्षं किती वेदनाशामकं घेतली ते तपासलं. २००१ मध्ये निकाल आला. बेताबेतानं गोळ्या घेणाऱ्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, बाकीच्यांपेक्षा बिघडलेलं नव्हतं.

मामा: बघ! डॉक्टर स्वतः खात्यात आणि आम्हाला नको म्हणत्यात.

भाची: ते डॉक्टर एसीत बसून गोळी घेत होते. पंख्याखाली, टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवून. तुमची माणसं कुठं घेतात?

मामा: भट्टीच्या अंगानं. मग काय झालं?

भाची: तेच सांगते. हृदयातनं निघालेल्या रक्ताचा पाचवा हिस्सा किडन्यांकडं जातो. दिवसाला १८० लिटर पाणी त्या गाळतात, बहुतेक सगळं परत शोषून घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी करतात. आता माणूस घामानं निथळतोय. अशा उष्म्यात तासाला लिटरभर घाम सहज जातो. अंगातलं पाणी कमी झालं की शरीर बाकीच्या रक्तवाहिन्या आवळून धरतं. किडनीला तेवढ्यातही रक्त पोचावं म्हणून ती स्वतः प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सोडते आणि आत येणारी बारीक धमनी उघडी ठेवते. पाटाला पाणी कमी आलं की पाटकरी आपल्या सरीचं दार मोठं करतो ना, तसं. गंमत अशी की हाताचं दुखणं, सूज, हेसुद्धा प्रोस्टाग्लँडिनच वाढवतात. गोळी ती द्रव्यं तयारच होऊ देत नाही. हाताचं दुखणं थांबतं आणि इकडं दारही मिटतं.

मामा: सगळ्यांचंच मिटतं?

भाची: अंगात पाणी भरपूर असेल तर किडनीला त्या द्रव्यांची फारशी गरजच नसते, म्हणून सुट्टीत दात दुखला आणि दोन दिवस गोळी घेतली तर बहुतेकांना काही होत नाही. गरज पडते ती नेमकी तुमच्या जागी. दुपारची पाळी, एप्रिल महिना, सकाळपासून दोन ग्लास पाणी, आणि रिकाम्या पोटी डायक्लो.

गोळी हे काम कसं करते हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये ॲस्पिरिनच्या अभ्यासातून दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. पण तो शोध वेदनेच्या आणि तापाच्या अंगानं जास्त गाजला, मूत्रपिंडाच्या अंगानं कमी.

मामा: तू म्हणतीस ती डायक्लो. तीन वर्षामागं मला मुतखडा झालता. मध्यरात्री दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टरनं पहिलं काय केलं? डायक्लोचंच इंजेक्शन दिलं! अर्ध्या तासात माणसात आलो. किडनीच्या दुखण्यावर जी देत्यात तीच किडनी कशी खाईल?

इथं भाची हसली आणि मीही. मामाचा हा मुद्दा अडाणीपणाचा नाही. मुतखड्याच्या कळेवर या वर्गातली औषधं आजही पहिल्या पसंतीची आहेत.

भाची: बरोबरच दिली. खडा नळीत अडकला की वर लघवी तुंबते, दाब वाढतो, त्यानं कळ येते. डायक्लोनं किडनीकडं जाणारं रक्त कमी होतं, गाळणं मंदावतं, दाब उतरतो, कळ थांबते. म्हणजे तुम्हाला बरं वाटलं ते किडनीला थोडा वेळ गप्प बसवल्यामुळं. एका रात्रीचं ठीक आहे. तुम्ही तिला वर्षातनं किती रात्री गप्प बसवता?

मामा: ...

भाची: शिवाय तो खडा आला कुठनं? पाणी कमी, घाम जास्त, लघवी घट्ट. भट्टीजवळ काम करणाऱ्यांना खडे जास्त होतात, हे दक्षिणेकडच्या पोलाद कारखान्यातल्या कामगारांवरही तपासून झालंय. खडा झाला की दुखतं, दुखलं की गोळी.

मामा: डॉक्टर लोकांचं ऱ्हाऊ दे. आमच्यासारख्या कष्टाच्या माणसावर कुणी बघितलंय का?

भाची: कारखान्यातल्यांवर म्हणाल तर थोडं. पण सैनिकांवर बघितलंय. अमेरिकेच्या लष्करातले ७,६४,२२८ जण, २०११ ते २०१४. २०१९ मध्ये छापून आलं. तरुण, धडधाकट, उन्हात पळणारी माणसं. महिन्याला सात दिवसांच्या डोसापेक्षा जास्त गोळ्या ज्यांना दिल्या गेल्या त्यांच्यात किडनीचा आजार वीस टक्क्यांनी जास्त निघाला, अचानक होणाराही आणि हळूहळू होणाराही.

मामा: वीस टक्के म्हंजे शंभरात वीस जणांना?

भाची: नाही, नाही. शंभरात दोघांना होणार असला तर दोनाचे अडीचसुद्धा होत नाहीत. हा धोका डोंगराएवढा नाही, मामा. मी तुम्हाला घाबरवत नाही. पण बघा, त्यांच्याकडं कुणाला किती गोळ्या दिल्या याचा कागद होता. म्हणून तरी कळलं. तुमच्याकडं कुठं लिहिलेलं असतं?

मामा: कुठं म्हंजे? पोरं मेडिकलात जात्यात, दोन गोळ्या कापून घेत्यात.

डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, निमेसुलाइड ही सगळी 'शेड्यूल एच' मधली औषधं; डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. कात्रीनं कापून दिलेल्या दोन गोळ्यांना चिठ्ठी नसते, बिल नसतं आणि मुदतीची तारीख बहुधा कापलेल्या दुसऱ्या तुकड्यावर राहिलेली असते. या मोजदादीबद्दल मला एक गोष्ट नेहमी खटकते. आपल्याकडची गिधाडं संपत चालली ती डायक्लोफिनॅकमुळं, असं २००४ मध्ये सिद्ध झालं. औषध टोचलेल्या गुरांचं मांस खाऊन पक्ष्यांची मूत्रपिंडं बंद पडत होती. २००६ मध्ये गुरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद झालं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची कुपीसुद्धा तीन मिलिलिटरची केली. गिधाडाचं मूत्रपिंड आणि माणसाचं सारखं नाही, तेव्हा त्यावरून कामगाराबद्दल काही सिद्ध होत नाही. पण गिधाडांसाठी आपण औषध मिलिलिटरमध्ये मोजलं आणि ते योग्यच केलं. फेटलिंगवाल्याच्या खिशातली गोळी मोजायला अजून कुणी गेलेलं नाही.

भाची: आणि आता तुमचंच. बीपीची गोळी घेता ना? मी पाकीट वाचलंय. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड, एकाच गोळीत दोन औषधं.

मामा: डॉक्टरनं दिलीया. बीपी बरं हाय त्येनं.

भाची: गोळी चांगलीच आहे, ती अजिबात सोडायची नाही. पण तिच्यातलं एक औषध लघवीवाटे पाणी काढतं. दुसरं किडनीतनं बाहेर जाणारी धमनी सैल सोडतं. त्यावर तुम्ही कॉम्बिफ्लॅम टाकता, म्हणजे आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. आयबुप्रोफेन आत येणारी धमनी आवळतं. येणारं बंद, जाणारं मोकळं, वर पाणी कमी. गाळायला दाब उरेल कुठनं? हे तिघं एकत्र आले की आमच्याकडं सरांच्या कपाळाला आठ्या पडतात.

मामा: मग डॉक्टरनं सांगायला नको हुतं?

भाची: तुम्ही त्यांना सांगितलं होतं का, की मी आठवड्यातनं चार दिवस पेनकिलर घेतो म्हणून?

मामा: त्यो काय आजार हाय सांगायला?

हे शेवटचं वाक्य मी शिरोलीतच नव्हे, ऊसतोडीच्या फडात आणि इचलकरंजीच्या मागांवरही कल्पू शकतो. अंगदुखी हा आजार मानला जात नाही आणि तिच्यावरची गोळी हे औषध मानलं जात नाही. डॉक्टर विचारतात, "काही गोळ्या चालू आहेत का?" माणूस खरंच मनापासून म्हणतो, "न्हाई."

भाची: दुखत नाही म्हणून तर फसगत होते. किडनी निम्मी गेली तरी क्रिएटिनिन रिपोर्टात हद्दीच्या आत दिसू शकतं. लघवीत प्रथिनं जायला लागतात ते डोळ्यांना कळत नाही, फार तर फेस दिसतो. फेनॅसिटिनच्या जुन्या रुग्णांत किडनीच्या आतल्या टोकाचा भाग मरून तुकडा तुटायचा, नळीत अडकायचा, लघवीतनं रक्त यायचं. तेव्हा माणूस दवाखान्यात यायचा. म्हणजे किती उशिरा!

मामा: बरं, बायकांचं काय? आमच्याकडं कोअर शॉपला, साच्यातले वाळूचे गाभे करत्यात तिथं, बायका हाईत. त्या भट्टीजवळ न्हाईत.

भाची: त्या सकाळपासून पाणी का पीत नाहीत, विचारलंय कधी?

मामा: (जरा थांबून) संडास लांब हाय. गेटपाशी. जायचं तर सगळ्यांपुढनं जावं लागतं.

भाची: म्हणून पाणी नाही. म्हणून लघवी धरून ठेवायची. म्हणून जळजळ. जळजळ झाली की काय घेतात?

मामा: तीच. दुसरं काय असतंय जवळ?

भाची: त्यानं आग थांबते आणि जंतू तसेच राहतात. जर्मनीत हे मुद्दाम करून बघितलं होतं, २०१५ मध्ये निकाल आला. साध्या मूत्रमार्गाच्या संसर्गावर काही बायकांना अँटिबायोटिकऐवजी आयबुप्रोफेन दिलं. खरं सांगायचं तर दोन तृतीयांश बायका अँटिबायोटिकशिवाय बऱ्या झाल्या. पण किडनीपर्यंत संसर्ग चढला अशा ज्या थोड्या निघाल्या, त्या बहुतेक याच गटातल्या. आणि त्यांच्यावर डॉक्टरांची नजर होती. कोअर शॉपमधल्या बाईवर कुणाची आहे? थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखायला लागलं, तरी ती आणखी एक गोळी घेऊन पाळी पुरी करणार.

मामा: तुझं सगळं खरं धरलं. आता मला सांग, उद्या सकाळी पोरगं माझ्यापुढं मनगट धरून उभं ऱ्हायलं तर मी काय देऊ? ग्यान?

भाची: पॅरासिटामॉल द्या. किडनीला त्यातल्या त्यात ती कमी त्रासाची. पण तीही दिवसाला चार ग्रॅमच्या वर कधीच नाही, आणि रोज दारू घेणाऱ्याला त्याहून पुष्कळ कमी. तिचा राग यकृतावर निघतो. मनगटालाच दुखत असेल तर डायक्लोचा मलम. गोळीच्या मानानं त्यातलं फार थोडं औषध रक्तात जातं.

मामा: मलम चोळून ग्राइंडर धरायचा? हातातनं निसटला तर पाय जाईल त्याचा!

भाची: पाळी सुटल्यावर चोळायचा, मामा.

मामा: पाळी सुटल्यावर दुखलं तर माझं काय जातंय? पाळीत दुखतंय ही अडचण हाय. आणि तुझ्या सरांनी सांगितलं नसंल, पण मी सांगतो दुखतंय कशानं. चाक झिजलं, एका अंगाला बसलं, की ग्राइंडर जास्त थरथरतोय. नवं चाक लावलं, मशीनचं बेअरिंग बदललं, तर निम्मी पोरं गोळी मागायची न्हाईत. पण चाक मागायला स्टोअरला जा. चिठ्ठी आण, जुनं चाक दाखव, गेल्या आठवड्यात किती नेलीस त्येचं रजिस्टर बघूया. चाकाची नोंद हाय. गोळीची नोंद कुठं हाय? म्हणून गोळी सोपी.

मला वाटतं, साऱ्या संवादात वेदनेचं नेमकं निदान झालं ते इथं, आणि ते भाचीनं केलेलं नाही. आपण हा प्रश्न 'लोकांना जागृती नाही' असा मांडतो आणि भिंतीवर पोस्टर लावतो. मुकादमाला कारण ठाऊक आहे, उपाय ठाऊक आहे आणि उपायाची किंमत कुणाच्या वहीत पडते हेही ठाऊक आहे. चाकाची किंमत कारखान्याच्या वहीत पडते. गोळीची किंमत कामगाराच्या खिशातून जाते आणि मूत्रपिंडाची कुठल्याच वहीत येत नाही, निदान कारखान्याच्या तरी.

कायद्यानं याची दखलच घेतली नाही असं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात पिण्याच्या पाण्याचं कलम होतं, मोठ्या कारखान्यांना उन्हाळ्यात थंड पाणी देणं बंधनकारक होतं, मुताऱ्या-संडासाचं वेगळं कलम होतं. १९८७ च्या दुरुस्तीनं धोकादायक प्रक्रियांचं प्रकरण आलं. लोखंड-पोलादाचे उद्योग त्या यादीत पहिल्याच क्रमांकावर. अशा ठिकाणी कामगाराची निदान वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि त्याच्या आरोग्याची नोंद ठेवायची. फाउंड्रीतली तपासणी म्हटलं की डोळ्यांपुढं छाती येते, वाळूच्या धुळीमुळं, आणि ते रास्त आहे. कान येतात, डोळे येतात. लघवीतली प्रथिनं आणि क्रिएटिनिन त्यात येतीलच असं नाही. "दुखण्यावर काय घेता आणि किती?" हा प्रश्न तर विचारायला पैसेही लागत नाहीत.

भाची: मग एक करूया. चाकासारखी गोळीचीही वही घाला.

मामा: म्हंजे?

भाची: कुणी घेतली, कुठली, कशासाठी, त्या दिवशी कुठल्या मशीनवर होता. एवढंच. महिन्याभरानं बघायचं. एकाच मशीनवरची पोरं जास्त गोळ्या घेत असतील तर ती वही घेऊन स्टोअरला जा.

मामा: (पहिल्यांदाच गंभीरपणे) हे बरं हाय. चाकाला चिठ्ठी लागती न्हवं... ही चिठ्ठी.

भाची: आणि पाण्याचा जार भट्टीच्या अंगाला आणा. वीस मिनिटांनी एक ग्लास. तहान लागायची वाट बघायची नाही. घाम फार गेला तर लिंबू-मीठ-साखर. मात्र बीपीवाल्यांनी मीठ रोज ढोसायचं नाही, म्हणजे तुम्ही नाही.

मामा: जार आणतो. बायकांच्या संडासाचंबी बोलतो साहेबांशी, पण ते व्हायला दिवाळी येईल. आता माझं ऐक. हे सगळं केलं, पोरांनी गोळी सोडली. मग हात दुखला की पोरगं बसणार. बसलं की नग कमी. आज पाळीत जेवढे नग निघत्यात ते गोळीवर निघत्यात. त्या नगांवर भाव ठरलाय. ठेकेदारानं तेवढेच धरलेत, कंपनीनं तेवढेच धरलेत, पुढं ट्रॅक्टरवाल्यानंबी तेवढेच. गोळी काढली तर भाव वाढवायला पायजे. तो कोण वाढवणार? तू? का तुझे सर?

भाची: ते मला नाही माहीत.

मामा: मग वहीत एक रकाना त्येचाबी ठेव. गोळी घेतली न्हाई त्या दिवशी किती नग निघाले.

भाची: ठेवते. पहिलं नाव कुणाचं लिहू?

मामा: माझं नको. मी मुकादम हाय.

भाची: तुमचंच लिहिणार. आणि उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला या, लघवीही तपासायची आहे. क्रिएटिनिनला उपाशी लागत नाही, पण शुगरही बघूनच टाकू.

मामा: उद्या फर्स्ट पाळी हाय माझी. खाडा पडंल.